चौदा हजार पुस्तकं, एक फाइल: डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट

डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे डेटाबेस, म्हणजे नियमांनी बांधलेल्या याद्या, उघडून पाहायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि ते ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर नाही. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण तालुक्यातल्या ग्रंथपालांसमोर मी याचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, बारकोड चालतो का?" चालतो. स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, त्यामुळे शोधायच्या चौकटीत कर्सर ठेवून स्कॅन केलं की दाखल क्रमांक, म्हणजे रजिस्टरात पुस्तकाला मिळालेला क्रमांक, उमटतो. पण बारकोडसाठी हे घेऊ नका. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांची माहिती साठली आहे, विस्कटली आहे आणि ती आपल्या हाताने सरळ करायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी पुढे वाचावं.

आमचं वाचनालय सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गातलं. चौदा हजारांच्या आसपास पुस्तकं, साडेसहाशे सभासद आणि दोन संगणक, त्यातला एक सचिवांच्या घरून निवृत्त होऊन आलेला. दाखल रजिस्टर कागदीच आहे आणि ते तसंच राहणार. संगणकावरची यादी स्प्रेडशीटमध्ये होती, आणि ती एक नव्हती: मोठ्यांची वेगळी, बालविभागाची वेगळी, देणगीतून आलेल्या पुस्तकांची वेगळी. सर्वांत जुनी तर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत अशा पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली, म्हणजे फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा सडा. ती आधी युनिकोडमध्ये आणून घेतली.

स्प्रेडशीटशी माझं वैर नाही, जमाखर्च अजून तिथेच लिहिते. तिचा दोष एवढाच की ती कशालाच नाही म्हणत नाही. एका दाखल क्रमांकावर दोन पुस्तकं लिहा, घेते. सभासद क्रमांकाच्या रकान्यात "वर्गणी बाकी" लिहा, घेते. तारखेच्या जागी "दिवाळीनंतर" लिहा, तेही घेते. (हे आमच्या यादीत खरोखर होतं. कोणी लिहिलं ते मला माहीत आहे.) मला नकार देणारं काहीतरी हवं होतं.

एसक्यूलाइट ही मूळ गोष्ट, आणि डीबी ब्राउझर ही तिच्यात डोकावायची खिडकी. एसक्यूलाइट रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलं. त्याला सर्व्हर लागत नाही, पासवर्ड देऊन कुठे लॉगिन करावं लागत नाही. अख्खा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइल. तुमच्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये ते आधीच चालू असतं, फक्त दिसत नाही. त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही, आणि बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळायचं म्हटलं आहे. माझ्यासाठी मात्र सर्वांत वजनदार शिफारस आमच्याच धंद्यातून आली: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठी जे फाइलप्रकार सुचवले आहेत, त्यांत एसक्यूलाइट आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत हे सांगितल्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही. खर्च शून्य आहे हे कळल्यावर तर नाहीच.

डीबी ब्राउझरचं मूळ नाव 'आर्का डेटाबेस ब्राउझर', लिहिणारे मॉरिसिओ पियासेंतिनी. पुढे ते 'एसक्यूलाइट डेटाबेस ब्राउझर' झालं, तेव्हा लोक याच्या तक्रारी घेऊन एसक्यूलाइटवाल्यांकडे जाऊ लागले. शेवटी हिप यांच्याच विनंतीवरून २०१४ मध्ये नाव बदललं. सध्याचं नाव लांबलचक आहे ते त्यामुळे. आज ते स्वयंसेवक चालवतात, कोड सर्वांना खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. उतरवताना मूळ साइटवरूनच घ्या, एसक्यूलाइटब्राउझर डॉट ओआरजी. शोधात याच नावाने डाउनलोड देणारी भलतीच पानं वर येतात. पेनड्राइव्हवरून चालणारी, इन्स्टॉल न करायची आवृत्तीही मिळते; सचिवांच्या जुन्या संगणकावर आम्ही तीच ठेवली.

उघडल्यावर वर चार टॅब: डेटाबेस स्ट्रक्चर, ब्राउझ डेटा, एडिट प्रॅग्माज, एक्झिक्यूट एसक्यूएल. तिसऱ्याकडे मी फारशी फिरकत नाही. मेनू इंग्रजीत आहेत, पण आत मराठीला कुठेही आडकाठी नाही. टेबलाचं नाव 'पुस्तके', रकान्यांची नावं 'दाखल_क्रमांक', 'शीर्षक', 'लेखक', 'स्थिती', सगळं देवनागरीत चालतं. फक्त एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतली, आज्ञा लिहिताना अर्धं वाक्य इंग्रजी आणि अर्धं मराठी होतं, आणि कीबोर्ड इकडून तिकडे बदलून बोटं वैतागतात. पुन्हा सुरुवात केली तर रकान्यांची नावं मी रोमन लिपीतच ठेवीन, आतली माहिती मराठीत.

स्प्रेडशीटची फाइल हे थेट उघडत नाही, आधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, करावी लागते. इथे मराठी माणसाने एक पाऊल जपून टाकायचं: जतन करताना साधा सीएसव्ही प्रकार निवडला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. यूटीएफ-८ लिहिलेला प्रकार निवडा. मग फाइल मेनूतून इम्पोर्ट. एक खिडकी येते, तिच्यात पहिली ओळ रकान्यांची नावं आहे का, मधलं चिन्ह स्वल्पविराम आहे का, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) कोणतं, हे विचारतात आणि खाली नमुना दिसतो. नमुन्यात मराठी नीट दिसली तरच ओके दाबा. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये प्रकार ओळखणं बंद करण्याची खूण आहे, ती मी करते. नाहीतर रकान्यात काय असावं हे ते स्वतः ठरवतं, आणि शून्याने सुरू होणारा सभासद क्रमांक आकडा समजला गेला की पुढचं शून्य गेलंच.

असं आणलेलं टेबल अजून स्प्रेडशीटइतकंच भोळं असतं. नियम आपण घालायचे. टेबलावर उजवं क्लिक करून 'मॉडिफाय टेबल' उघडलं की प्रत्येक रकान्यापुढे छोटे चौकोन येतात: रिकामा चालणार नाही, दुबार चालणार नाही, हा मुख्य क्रमांक. खूण करत गेलं की खाली त्या टेबलाची एसक्यूएलमधली व्याख्या लगेच बदलताना दिसते. एसक्यूएल मी कुठल्या वर्गात शिकले नाही, या खालच्या चौकटीतून आणि 'एसक्यूएल लॉग'मधून शिकले. तुम्ही माउसने जे करता ते त्याच्या भाषेत काय होतं, हे हे सॉफ्टवेअर लपवत नाही.

दाखल क्रमांकाला 'दुबार नको' ही खूण केली आणि त्याने बदल करायला नकार दिला. आधी दुबार क्रमांक निस्तरा, मग नियम घाला. गट करून मोजणारी एक ओळ लिहिली आणि दुबार क्रमांकांची यादी समोर आली. काही टंकलेखनातली गडबड होती, आणि काही कागदी रजिस्टरमध्येच तशी होती, दोन वेगळ्या शाईंत, दोन वेगळ्या ग्रंथपालांच्या हस्ताक्षरात. त्या माझ्या जन्माआधीच्या. त्यांना 'अ' आणि 'ब' जोडून मोकळी झाले.

आता मराठीचा भाग, कारण हे इंग्रजीतल्या कुठल्याही परीक्षणात मिळणार नाही.

पहिली गोष्ट आकड्यांची. आमच्या यादीत काहींनी क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप केले होते, काहींनी मराठी. एसक्यूलाइटला मराठी आकडा म्हणजे आकडा नाही, अक्षर आहे. एसक्यूलाइट क्रम लावताना १० नंतर १००, मग ११ असा लावतं, आणि किंमतीच्या रकान्यात '२५०' मराठीत असेल तर बेरजेत त्याला शून्य धरतं. कुरकुर न करता. एकूण ग्रंथमूल्य काढणाऱ्याने हे आधी तपासावं. दहा आकड्यांसाठी दहा वेळा 'रिप्लेस' (एका अक्षराच्या जागी दुसरं घालायची आज्ञा) एकात एक गुंफून एक लांब ओळ लिहावी लागते, पण ती एकदाच.

दुसरी गोष्ट 'ॲ'ची. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, जे २००८ साली आलं, आणि दुसरं 'अ'वर अर्धचंद्र देऊन केलेलं. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. एसक्यूलाइटच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते त्यांचा क्रमही वेगळा लावतं: अर्धचंद्रवालं 'अ'च्या शेवटी, तर स्वतंत्र अक्षर थेट 'ह'च्याही पुढे, यादीच्या तळाशी. ॲलर्जीवरचं एक पुस्तक यादीच्या वरच्या भागात आणि त्याच विषयाचं दुसरं शेवटच्या पानावर, असं आमच्याकडे होतं, आणि शोधताना एकच सापडायचं. 'कऱ्हाड'मधल्या 'ऱ्'चीही तीच तऱ्हा. तो नुक्त्याच्या 'र'पासून होतो किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून होतो. कोणत्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर अवलंबून. हेक्स नावाचं फंक्शन लावून अक्षरं आत कशी साठवली आहेत ते बाइट पाहिले तेव्हा हा उलगडा झाला. एक रूप ठरवलं आणि 'अपडेट'च्या, म्हणजे माहिती एकदम बदलणाऱ्या, ओळींनी सगळीकडे तेच केलं.

तिसरी गोष्ट क्रमाची. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केलं की क्रम लागतो, पण तो युनिकोडच्या अनुक्रमाने. त्यात 'क्ष' हा 'कौ' आणि 'ख' यांच्या मध्ये येतो, 'ज्ञ' हा 'झ'च्या आधी, आणि 'ळ' हा 'ल'ला चिकटून. आमच्या जुन्या तालिकापत्रांच्या (पुस्तकांच्या कार्डांच्या) खणांत क्ष आणि ज्ञ शेवटी आहेत, आणि सभासद तिथेच बघतात. त्यासाठी मी 'क्रम' नावाचा एक जादा रकाना ठेवला, त्यात शीर्षकाची प्रत घेऊन क्ष, ज्ञच्या जागी 'ह'नंतर येणारी चिन्हं घातली. छापील यादी त्या रकान्यावरून काढते. जुगाड आहे, मान्य. पण चालतो.

लेखकांच्या नावांचं काय सांगू. आद्याक्षरानंतर टिंब, टिंबानंतर जागा, आडनाव आधी की शेवटी, 'डॉ.' लावायचं की नाही. एकाच लेखकाची सहा-सहा रूपं. सॉफ्टवेअर इथे एवढंच करतं की सगळी रूपं एकाखाली एक दाखवतं आणि किती वेळा आली ते मोजतं. ठरवायचं आपणच. हे काम पावसाळ्यात, वर्दळ कमी असताना केलं.

या सगळ्या धांदलीत ज्या एका बटणासाठी मी या सॉफ्टवेअरला पूर्ण गुण देते ते म्हणजे 'राइट चेंजेस' आणि त्याच्या शेजारचं 'रिव्हर्ट चेंजेस'. तुम्ही काहीही बदललं तरी ते बटण दाबेपर्यंत फाइलवर काही लिहिलं जात नाही. चौदा हजार ओळींवर एक 'अपडेट' चालवायचा, ब्राउझ डेटात जाऊन इथे-तिथे पाहायचं, बरं वाटलं तर लिहायचं, नाहीतर मागे. हात धीट होतात. याची दुसरी बाजू अशी की न लिहिलेला बदल बाकी असताना दुसरं कोणी त्या फाइलमध्ये लिहायला गेलं तर त्याला 'डेटाबेस लॉक्ड' असा निरोप येतो. बटण दाबून मोकळं व्हा, मग चहाला जा.

ब्राउझ डेटात प्रत्येक रकान्यावर एक रिकामी चौकट असते, तिथे लिहिलं की खालच्या ओळी गाळून येतात. तुकडा कुठेही सापडला तरी चालतो, त्यामुळे 'राम' शोधलं की 'परामर्श'ही येतो. नेमकं हवं असेल तर आधी बरोबरचं चिन्ह. दोन आकड्यांच्या मध्ये नागमोडी रेघ दिली की त्या मर्यादेतलं सगळं येतं. कपाटाप्रमाणे ग्रंथमोजणी करताना हे फार उपयोगी पडलं. एका कपाटाचे दाखल क्रमांक पडद्यावर, एक जण पुस्तक हातात घेऊन क्रमांक वाचतो, दुसरा 'स्थिती'मध्ये खूण करतो. अटीप्रमाणे रंग देण्याची सोय आहे, त्यामुळे 'गहाळ' लाल दिसतं. मोजणीच्या शेवटी लाल किती हे सचिवांना दुरूनही दिसलं.

तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहाव्या लागतात, २०२४-०६-०५ प्रमाणे पण इंग्रजी आकड्यांत. एसक्यूलाइटकडे तारीख असा वेगळा प्रकारच नाही. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर तो मजकूर राहतो आणि हिशेब होत नाही. एकदा रूप सुधारलं की थकीत पुस्तकांची यादी एका ओळीत निघते: आजची तारीख वजा दिल्याची तारीख, पंधराहून जास्त. 'आज' मात्र ते ग्रिनिचच्या वेळेने धरतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिवस चालू. वाचनालय तेव्हा बंद असतं, त्यामुळे मी ते तसंच सोडून दिलं.

खरी मजा देवघेवीचं टेबल पुस्तकांच्या टेबलाला जोडल्यावर आली. कोणती पुस्तकं गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत? पूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण उत्तर काढायला कोणी बसणार नव्हतं. यादी निघाली तेव्हा तिच्यात काही अपेक्षित होतं, कुणाच्या तरी निवृत्तीनंतर गठ्ठ्याने आलेले देणगी ग्रंथ. पण शेती आणि विहिरींवरची काही चांगली पुस्तकंही होती, जी वरच्या फळीवर कोणाला दिसतच नव्हती. ती खाली आणून दारासमोरच्या मांडणीत ठेवली. उलट प्रश्नही विचारला: कोणती पुस्तकं परत येतात न येतात तोच पुन्हा जातात? त्यांच्या दुसऱ्या प्रती घ्यायचा ठराव त्या यादीवरच झाला. सभासदांच्या यादीत नसलेले सभासदही निघाले, म्हणजे देवघेवीत क्रमांक आहे आणि माणूस कुठेच नाही. ते सगळे तपासून झाल्यावर देवघेव आणि सभासद या दोन टेबलांमध्ये बंधन घातलं. आता पुस्तक बाकी असलेल्या सभासदाची नोंद काढायला गेलं की हे सॉफ्टवेअर अडवतं. इतर काही प्रोग्रॅममध्ये हे बंधन मुळात बंद असतं, इथे ते चालू मिळतं.

आता जे नाही ते. काउंटरवरच्या काकांना बसवून रोजची देवघेव करायची असेल तर हे चुकीचं साधन आहे. इथे फॉर्म नाही, 'दिलं' आणि 'घेतलं' अशी दोन मोठी बटणं नाहीत, सगळीकडे उघडं टेबल आहे आणि एका चुकीच्या क्लिकवर भलत्याच ओळीत मजकूर जातो. आम्ही असं केलं की काका वहीतच लिहितात, संध्याकाळी मी भरते, आणि दिवसभर त्यांच्या संगणकावर हीच फाइल फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते. तशी सोय फाइल मेनूत आहे. नेहमीचे प्रश्न मी 'व्ह्यू' म्हणून जतन करून ठेवले आहेत, ते टेबलांच्या यादीत 'थकीत', 'नवीन', 'गहाळ' अशा नावांनी दिसतात. काका नाव निवडतात, यादी येते. "हे बरंय," एवढंच म्हणाले, आणि काकांकडून एवढं पुष्कळ आहे.

वर वाचनालयाचं नाव, खाली एकूण आणि सहीची जागा असा छापील अहवालही इथून निघत नाही. सीएसव्ही काढायची आणि पुढचं स्प्रेडशीटमध्ये. आलेख काढायचा एक कप्पा आहे, मी एकदा उघडून बंद केला. दोन संगणकांवरून एकाच वेळी लिहायचं असेल तर सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवायच्या फंदात पडू नका. नेटवर्कवरच्या फाइलींचं कुलूप भरवशाचं नसतं असं एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात.

पर्यायांत लिबरऑफिस बेस फुकट आहे, त्यात फॉर्म आणि अहवाल होतात, पण शिकायला मला जड गेलं. डीबीव्हर अनेक प्रकारचे डेटाबेस उघडतो, आमच्या जुन्या संगणकावर मात्र तो सुरू होईपर्यंत एक सभासद पुस्तक बदलून जाईल. पूर्ण ग्रंथालय व्यवस्था हवी असेल, सभासदांना घरून शोधता यावं अशी इच्छा असेल, तर कोहा किंवा केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय बघा. ती वेगळ्या पल्ल्याची कामं आहेत आणि त्यांना सांभाळणारं माणूस लागतं. तिकडे जायचं ठरलंच तर स्वच्छ केलेली यादी इथूनच सीएसव्ही करून नेता येते.

बॅकअप म्हणजे फाइलची प्रत, बस. पण प्रत घेण्याआधी राइट चेंजेस दाबा आणि डेटाबेस बंद करा. उघडा असताना आणि बदल बाकी असताना शेजारी 'जर्नल' शेपटी असलेली दुसरी फाइल दिसते. ती कचरा समजून कोणी पुसू नये, अर्धवट राहिलेला बदल मागे घ्यायची माहिती तिच्यात असते. आमच्याकडे शनिवारी एक प्रत सचिवांच्या पेनड्राइव्हवर जाते आणि एक माझ्या घरी.